शीत हवामानात एंजिनाचे वंगण : तेलाची निवड आणि ब्लॉक हीटरचे कार्य

हिवाळ्यात आपल्या घरातील दोन पदार्थांचे वर्तन बदललेले दिसते. काकवी अधिक दाट होते आणि भांड्यातून पडण्यास वेळ लावते. खोबरेल तेल मात्र केवळ दाट होऊन थांबत नाही. ते थिजते, आणि बाटली उपडी केली तरी बाहेर येत नाही. वरवर पाहता या दोन्ही घटना एकाच जातीच्या वाटतात. तथापि भौतिक दृष्ट्या त्या भिन्न आहेत. पहिल्या घटनेत द्रव हा द्रवच राहतो, केवळ त्याची श्यानता, म्हणजे वाहण्यास होणारा अंतर्गत विरोध, वाढते. दुसरीत द्रवाच्या पोटात स्फटिक तयार होतात, ते एकमेकांत गुंततात, आणि उरलेला द्रव त्यांच्या जाळ्यात अडकून पडतो.

मोटरगाडीच्या एंजिनातील वंगणतेलावर कडाक्याच्या थंडीत या दोन्ही आपत्ती येऊ शकतात. त्यांचे परिणाम वेगळे आहेत आणि त्यांवरील उपायही वेगळे आहेत. शीत प्रदेशात वाहन चालविणाऱ्याच्या हाती मुख्यतः दोन साधने असतात : योग्य प्रतीचे तेल आणि एंजिन आधीच ऊबदार करून ठेवणारा ब्लॉक हीटर. ही साधने परस्परांना पर्याय आहेत असा समज सर्वत्र आढळतो. तो का चुकीचा आहे, आणि या दोहोंत निवडीचा आधार कोणता असावा, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. प्रश्नाचे क्षेत्र

ज्या प्रदेशात हा प्रश्न नित्याचा आहे तो म्हणजे कॅनडाचा प्रेअरी भाग, त्याला लागून असलेली अमेरिकेची नॉर्थ डकोटा व मिनेसोटा ही राज्ये, आणि उत्तरेस यूकॉन व अलास्का. विनिपेग शहरात जानेवारीतील रात्रीचे सरासरी किमान तपमान उणे २०° सेल्सियसच्या आसपास असते, आणि उणे ३०° च्या खाली जाणाऱ्या रात्री तेथे नवलाच्या नाहीत. यूकॉनमधील स्नॅग येथे ३ फेब्रुवारी १९४७ रोजी उणे ६३° तपमानाची नोंद झाली होती. अशा हवेत रात्रभर उघड्यावर उभी असलेली गाडी सकाळी चालू होणे ही केवळ सोयीची बाब राहत नाही. गावापासून दूर, महामार्गाच्या कडेला बंद पडलेली गाडी म्हणजे आतील माणसांच्या प्राणाशी गाठ असते.

या शहरांत शिक्षणासाठी वा नोकरीसाठी जाणारी मराठी माणसे आता थोडी नाहीत. महाराष्ट्रात २० डब्ल्यू-४० अथवा १५ डब्ल्यू-४० ही तेले वापरण्याची ज्यांना सवय आहे, त्यांचे लक्ष साहजिकच ‘-४०’ या दुसऱ्या आकड्याकडे जाते. कारण आपल्या हवेत पहिल्या आकड्याची परीक्षा कधी होतच नाही. शीत प्रदेशात परिस्थिती नेमकी उलट असते. म्हणून प्रथम या आकड्यांचा अर्थ पाहणे इष्ट होईल.

२. दोन आकडे, तीन कसोट्या

तेलाचे श्यानतेनुसार वर्गीकरण करण्याची जी पद्धती आज जगभर रूढ आहे, ती अमेरिकेतील सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह एंजिनिअर्स या संस्थेची आहे. तिची सुरुवात १९११ साली झाली. ‘५ डब्ल्यू-३०’ यातील डब्ल्यू हे अक्षर ‘विंटर’ या शब्दाचे, म्हणजे हिवाळ्याचे, निदर्शक आहे. काही जण समजतात तसे वजनाचे नव्हे. दुसरा आकडा तेलाच्या उष्ण स्थितीविषयी आहे. ३० या प्रतीच्या तेलाची शुद्धगतिक श्यानता १००° तपमानाला दर सेकंदास ९.३ चौरस मिलिमीटर किंवा अधिक, परंतु १२.५ पेक्षा कमी असावी लागते. ४० या प्रतीसाठी ही मर्यादा १२.५ पासून १६.३ च्या आतपर्यंत आहे. चालत्या एंजिनाच्या धारव्यांत, म्हणजे बेअरिंगांत, तेलाचे पटल पुरेसे जाड राहील की नाही हे या आकड्यावरून कळते. थंडीतील वर्तनाविषयी तो काहीही सांगत नाही.

पहिला आकडा दोन स्वतंत्र कसोट्यांवरून ठरतो. पहिली कसोटी एंजिन फिरविण्याची. सुरुवातीला स्टार्टरने क्रँकशाफ्ट फिरविली जाते, तेव्हा धारव्यांतील आणि दट्ट्यांभोवतालचे तेल जो विरोध करते तो ठरावीक मर्यादेत राहिला पाहिजे. दुसरी कसोटी तेल उचलण्याची. एंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलपात्रातून पंपाला तेल ओढून घेता आले पाहिजे. या कसोट्यांच्या मर्यादा पुढीलप्रमाणे आहेत. श्यानता मिलिपास्कल-सेकंद या एककात दिली आहे.

० डब्ल्यू : फिरविण्याची कसोटी उणे ३५° ला, कमाल ६,२००, उचलण्याची कसोटी उणे ४०° ला, कमाल ६०,०००.
५ डब्ल्यू : उणे ३०° ला ६,६००, उणे ३५° ला ६०,०००.
१० डब्ल्यू : उणे २५° ला ७,०००, उणे ३०° ला ६०,०००.
१५ डब्ल्यू : उणे २०° ला ७,०००, उणे २५° ला ६०,०००.
२० डब्ल्यू : उणे १५° ला ९,५००; उणे २०° ला ६०,०००.

या कोष्टकावरून काही गोष्टी ध्यानात येतील. एक, पहिला आकडा जितका लहान तितकी कसोटी अधिक थंड तपमानाला घेतली जाते. दोन, दोन्ही आकडे परस्परांपासून स्वतंत्र आहेत. ० डब्ल्यू-४० हे तेल उष्ण स्थितीत ५ डब्ल्यू-३० पेक्षा अधिक जाड असते, पण अतिशीत स्थितीत त्याच्याहून अधिक प्रवाही ठरते. ‘लहान आकडा म्हणजे पातळ तेल, आणि पातळ तेल म्हणजे एंजिनाची झीज’ ही भीती म्हणूनच निराधार आहे.

श्यानतेतील हा फरक किती मोठा असतो याचा अंदाज घेण्यासाठी एक साधे गणित करता येईल. ५ डब्ल्यू-३० तेलाची १००° तपमानाला श्यानता सुमारे ८.५ मिलिपास्कल-सेकंद धरली, तर उणे ३०° ला तिला ६,६०० पर्यंत जाण्याची मुभा आहे. म्हणजे कसोटीस उतरलेले तेलसुद्धा थंडीत सातशे पटींहून अधिक दाट झालेले असू शकते. ‘योग्य’ तेलही थंडीत सुखाने वाहते असे नव्हे. ते केवळ सुसह्य मर्यादेत राहते, इतकेच या आकड्यावरून निष्पन्न होते.

३. उचलण्याची कसोटी पाच अंश खाली का?

कोष्टकातील तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. प्रत्येक प्रतीत तेल उचलण्याची कसोटी ही फिरविण्याच्या कसोटीपेक्षा ५° अधिक थंड तपमानाला घेतली जाते. यामागे संरक्षणाचा विचार आहे. तपमान उतरत गेले तर प्रथम एंजिन फिरविणे अशक्य व्हावे, आणि तेल पंपाला अनावर होण्याची पाळी त्यानंतर यावी, अशी ही योजना आहे. गाडी चालूच झाली नाही तर माणसाची गैरसोय होते, परंतु एंजिन सुरक्षित राहते. याउलट एंजिन चालू झाले आणि तेल मात्र वर पोहोचले नाही, तर धारवे कोरड्या घर्षणाने अल्पावधीत खराब होतात.

हा केवळ कल्पनेतील धोका नाही. १९८०-८१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात सू फॉल्स येथे अनेक गाड्यांची एंजिने याच प्रकारे निकामी झाली. तेथील तेले त्या वेळी प्रचलित असलेल्या कसोट्यांस उतरलेली होती. पुढे झालेल्या अभ्यासात असे दिसून आले की, तेल झटपट थंड केले असता दोष प्रकट होत नव्हता. ते सावकाश थंड झाले की आतील मेणाच्या स्फटिकांना वाढण्यास व जाळे विणण्यास अवधी मिळत होता. अशा थिजलेल्या तेलात पंपाच्या चोषणनळीने प्रथम थोडे तेल ओढले की तेथे पोकळी पडते. आजूबाजूचे तेल ती भरून काढण्यास वाहत येत नाही, आणि पंप तेलाऐवजी हवा ओढू लागतो. काकवीत चमच्याने केलेला खड्डा सावकाश का होईना भरून येतो. थिजलेल्या खोबरेलातील खड्डा तसाच राहतो. सू फॉल्समधील घटना दुसऱ्या जातीची होती.

या अनुभवानंतर प्रयोगशाळेतील कसोटी बदलण्यात आली. आता तेलाचा नमुना ४५ तासांहून अधिक काळ नियंत्रित गतीने थंड केला जातो, आणि श्यानतेबरोबरच त्याच्यात प्रवाहारंभाचे प्रतिबल, म्हणजे हलण्यापूर्वी द्यावा लागणारा किमान जोर, निर्माण झाले आहे काय हेही तपासले जाते. खनिज तेलातील मेण पूर्णपणे काढून टाकता येत नाही, म्हणून स्फटिकांची वाढ रोखणारी द्रव्ये त्यात मिसळतात. पॉलिअल्फाओलेफिनसारख्या संश्लेषित तेलांत मेण जवळजवळ नसतेच. ० डब्ल्यू प्रतीची तेले बहुधा संश्लेषित असतात, त्याचे एक कारण हे आहे.

४. ब्लॉक हीटर : उगम आणि प्रकार

हीटर प्रचारात येण्यापूर्वी उत्तरेकडील लोक काय करीत, हे पाहणे उद्बोधक आहे. तेथील वैमानिक उतरल्यावर एंजिनातील तेल गरम असतानाच डब्यात काढून घेत, रात्रभर ते घरात शेकोटीजवळ ठेवीत आणि सकाळी पुन्हा ओतीत. यात त्यांनी नेमके तेलच जपले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

नॉर्थ डकोटातील ग्रँड फोर्क्स येथे एका ग्रामीण वीज सहकारी संस्थेचे व्यवस्थापक असलेल्या अँड्र्यू फ्रीमन यांनी १९४९ साली विजेवर चालणाऱ्या हीटरचे पेटंट मिळविले. एंजिनाचे शीर्ष आवळणाऱ्या बोल्टांपैकी एक काढून त्याच्या जागी आतून पोकळ व तापणारी तार बसविलेला बोल्ट लावावयाचा, अशी ती युक्ती होती. खेड्यांत वीज पोहोचल्यावरच हा शोध उपयोगी पडणे शक्य होते, हे उघड आहे.

आज सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे ओतीव ठोकळ्यातील बुचाच्या जागी बसणारा हीटर. त्याचा तापक भाग शीतक द्रवात बुडालेला असतो आणि गाडीच्या दर्शनी जाळीतून बाहेर काढलेली वायर रात्री विजेच्या सॉकेटला जोडतात. लहान गाड्यांत त्याची शक्ती साधारणतः ४०० वॅट असते; मोठ्या डिझेल एंजिनांत ती १,००० वॅटच्या वर जाते. प्रेअरी शहरांत निवासी इमारतींच्या व कार्यालयांच्या वाहनतळांवर यासाठी सॉकेट असलेले खांब रांगेने उभे केलेले दिसतात. याखेरीज तेलपात्राच्या तळाला बाहेरून चिकटविण्याची तापक गादी आणि बॅटरीभोवती गुंडाळावयाचे आच्छादनही मिळते.

येथे भेद असा की, नेहमीचा ब्लॉक हीटर प्रामुख्याने शीतक द्रव व त्याद्वारे सिलिंडरांच्या भिंती तापवितो. उष्णता वर चढते. तेलपात्र तर सर्वांत खाली, थंड हवेला उघडे असते. त्यातील तेलाला धातूतून वाहत आलेली उष्णता काही प्रमाणात मिळते खरी, परंतु ठोकळ्याइतके ते तापत नाही. म्हणजे ब्लॉक हीटर फिरविण्याची अडचण दूर करतो. उचलण्याची अडचण तो केवळ अंशतः कमी करतो. मागील परिच्छेदात वर्णिलेली संरक्षक योजना येथे उलटी होऊ शकते. तेल अयोग्य प्रतीचे असेल आणि थंडी अतितीव्र असेल, तर हीटरमुळे एंजिन सहज चालू होईल, पण पंपाला तेल मिळेलच याची हमी राहणार नाही. म्हणून चुकीच्या तेलाची भरपाई हीटरने होत नाही.

५. हीटर किती वेळ चालू ठेवावा?

हीटर रात्रभर चालू ठेवण्याची प्रथा सर्रास आढळते. ती कितपत समर्थनीय आहे हे गणिताने पाहू. एंजिनातील तापणारे लोखंड १५० किलोग्रॅम आणि शीतक द्रव ६ लिटर धरल्यास दोहोंची मिळून उष्णताधारकता दर अंशास सुमारे ८८ किलोजूल येते. ४०० वॅटचा हीटर अनंत काळ चालू ठेवला असता एंजिन बाह्य हवेपेक्षा ३५° अधिक ऊबदार होऊन स्थिरावते असे मानू. उष्णतेचा व्यय तपमानांतील फरकाच्या प्रमाणात होतो, हा न्यूटनचा नियम लावला, तर या संहतीचा कालांक सुमारे २.१ तास निघतो. त्यावरून २ तासांत २१°, ४ तासांत ३०°, ६ तासांत ३३° आणि १२ तासांत जवळजवळ ३५° इतकी तपमानवाढ मिळते. वीज मात्र अनुक्रमे ०.८, १.६, २.४ आणि ४.८ युनिट खर्च होते.

गृहीत धरलेले आकडे गाडीगाडीप्रमाणे बदलतील, परंतु वक्राचा आकार बदलणार नाही. चौथ्या तासानंतरची वीज जवळजवळ सर्वच हवा तापविण्यात जाते. यास्तव घड्याळी स्विच बसवून निघण्यापूर्वी दोन ते चार तास हीटर चालू करणे हा विवेकी मार्ग होय. वाऱ्याविषयीही एक खुलासा आवश्यक आहे. वाऱ्यामुळे बंद एंजिन हवेच्या तपमानाखाली जात नाही; मात्र हीटरने दिलेली उष्णता वारा झपाट्याने हिरावून नेतो. म्हणून गाडी वाऱ्याच्या आडोशाला उभी करणे हे हीटरची शक्ती वाढविण्यासारखेच आहे.

हीटरचे इतर लाभही उपेक्षणीय नाहीत. थंड एंजिनात इंधनाचे बाष्पीभवन अपुरे होते, म्हणून ते अधिक प्रमाणात सोडावे लागते. शिवाय धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक तापेपर्यंत निष्क्रिय असतो. परिणामी कार्बन मोनॉक्साइडचे उत्सर्जन पहिल्या काही मिनिटांत सर्वाधिक होते. अलास्कातील फेअरबँक्स शहरात हिवाळ्यात थंड हवा तळाशी कोंडून राहते व हा वायू साचतो. तेथे त्याचे प्रमाण आटोक्यात आणण्याच्या उपायांत गाड्या विजेला जोडून ठेवण्याच्या उपायाचाही समावेश होता.

६. तेलाखेरीज इतर घटक

साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच असते, म्हणून अन्य तीन कड्यांचा निर्देश करणे आवश्यक आहे. पहिली बॅटरी. शिसे-आम्ल बॅटरीतील रासायनिक क्रिया थंडीत मंदावते, आणि तेल दाट झाल्याने नेमकी त्याच वेळी तिच्याकडून अधिक प्रवाहाची मागणी होते. तिच्यावर छापलेला थंडीतील प्रवाहाचा आकडा उणे १८° तपमानाचा असतो. उणे ३५° ला तितक्या प्रवाहाची अपेक्षा धरू नये. पूर्ण उतरलेली बॅटरी उणे ७° च्या सुमारासच गोठू शकते, भरलेली मात्र प्रेअरीतील थंडीतही गोठत नाही.

दुसरी कडी शीतक द्रवाची. एथिलीन ग्लायकोल व पाणी निम्मे-निम्मे घेतल्यास मिश्रण सुमारे उणे ३७° पर्यंत गोठत नाही. ग्लायकोल अधिक घातले म्हणजे संरक्षण वाढतच जाते असे मात्र नाही. शुद्ध ग्लायकोल उणे १३° लाच गोठते. द्रवाची पातळी उतरलेली असेल तर हीटरचा तापक भाग उघडा पडून जळतो, म्हणून पातळी पाहिल्याविना वायर जोडू नये. वायरही घराबाहेर वापरण्याजोगी, भूसंपर्काच्या तारेसह व पुरेशा जाडीची असावी.

तिसरी कडी डिझेल गाड्यांपुरती आहे. डिझेलमध्येही मेण असते, आणि थिजलेल्या मेणाने गाळणी तुंबली की उत्तम तेल व उत्तम हीटर असूनही एंजिन बंद पडते. हा अनुभव आपल्या देशातही लडाखमध्ये येतो. तेथील थंडीसाठी इंडियन ऑइलने २०१९ साली उणे ३३° पर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल उपलब्ध केले. दुर्गम रस्त्यांवर प्रत्येक थांब्याशी वीज मिळेल असे गृहीत धरता येत नसल्याने, तेथे इंधनाच्या व तेलाच्या प्रतीवरच अधिक भिस्त ठेवावी लागते.

७. निष्कर्ष

लडाखमधील हीच अडचण प्रेअरीतील गाडीवानाच्याही वाट्याला केव्हातरी येते. हीटर गाडीत असतो, पण वीज घराच्या भिंतीत असते. कामाच्या ठिकाणी सॉकेट नाही, हिमवादळाने वीज गेली आहे, अथवा मित्राकडे मुक्काम पडला आहे, अशा वेळी एंजिनाच्या साहाय्याला केवळ आतील तेल असते. यावरून निवडीचा नियम सहज निघतो. हीटर चालू असताना एंजिनाचे जे तपमान असेल त्यावरून तेल निवडू नये. हीटरविना जी सर्वांत थंड सकाळ गाठण्याची शक्यता आहे, तिच्यावरून निवडावे. विनिपेगमध्ये याचा अर्थ ५ डब्ल्यू, आणि उणे ३५° च्या रात्री संभवतात तेथे ० डब्ल्यू. दुसरा आकडा मात्र गाडीच्या निर्मात्याने पुस्तिकेत दिला असेल तोच घ्यावा. योग्य तेल भरल्यानंतरच हीटरचा विचार करावा. उणे १५° च्या खाली तो दोन-चार तास लावणे झीज, इंधन व धूर या तिन्ही दृष्टींनी हितकर आहे. उणे ४०° च्या प्रदेशात त्याला तेलपात्राच्या तापक गादीची जोड द्यावी.

एंजिन चालू झाल्यावर तेलदाबाचा इशारादर्शक दिवा विझतो की नाही हे प्रथम पाहावे. तो काही सेकंदांत विझला नाही, तर एंजिन तत्काळ बंद करावे. त्या क्षणी एंजिनाचा आवाज कितीही समाधानकारक वाटला, तरी त्यावर विश्वास ठेवू नये. दिवा विझल्यावर अर्धा-एक मिनिट थांबून गाडी सावकाश चालवू लागावे. उभ्या गाडीत दीर्घकाळ एंजिन तापवीत बसल्याने अर्धवट जळलेले इंधन व पाणी तेलात उतरते, आणि ज्या तेलाची इतक्या विचाराने निवड केली त्याचाच कस कमी होतो.